पेढा, होला आणि रविवारचा बेत

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचा इयरफोन विठ्ठलवाडीच्या गर्दीत कुणाच्या तरी बॅगेत अडकून तुटलाय, त्यांच्यासाठी. ऑडिओमध्ये दोनदा भुंकण्याचा आवाज येतो, तो इथे काढलाय. बाकी बोलणं जवळजवळ तसंच ठेवलंय.

आज कोडिंग नाही, पगार नाही, नोकरी बदलणं नाही. आज होल्यांची शिकार आणि ती शिकार तोंडात उचलून आणणारा कुत्रा. थांबा, लगेच बंद करू नका. मी शिकारी नाही. मी बदलापूरहून ठाण्याला आणि तिथून ऐरोलीला जाणारा साधा इंजिनिअर आहे. पण फेब्रुवारीत आमच्या घरात एक प्रकार झाला, त्यातून एका रविवारचा बेत ठरला, आणि त्या बेताला हो म्हणायचं की नाही हे ठरवताना मला जे काही वाचावं लागलं, ते सांगतो.

आमच्याकडे लॅब्रडॉर आहे. नाव पेढा. रंग तसाच आहे आणि अंगही हल्ली तसंच होत चाललंय. एका सकाळी सोसायटीच्या मागच्या बाजूला, जिथे बांधकामाची वाळू पडलेली असते तिथे, मी त्याला मोकळं सोडलं. दोन मिनिटांत साहेब परत आले ते तोंडात होला घेऊन. जिवंत. होल्याचे डोळे उघडे, पंख पेढ्याच्या ओठाबाहेर, आणि पेढा माझ्यासमोर बसून शेपटी हलवतोय, जणू ऑफिसातला पहिलाच टास्क वेळेत संपवलाय.

मी काय केलं? खोटं नाही बोलणार. आधी मोबाईल काढला. दहा सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि मग "सोड" म्हणालो. बिस्किट दाखवल्यावर त्याने सोडला. पक्ष्याची शेपटी जवळजवळ गायब होती, पेढ्याच्या तोंडात, जिभेवर, नाकावर पिसंच पिसं. बुटाच्या खोक्यात ठेवून डॉक्टरांकडे नेला, १९२६ वर, म्हणजे वनविभागाच्या हेल्पलाइनवर, फोन करून सांगितलं. डॉक्टरांनी पंख उलगडून, पिसांत फुंकर मारून बघितलं. कुठेही दात लागलेला नव्हता. संध्याकाळी गच्चीवर खोकं उघडलं तर बिनशेपटीचा होला उडाला आणि समोरच्या बदामाच्या झाडावर जाऊन बसला.

व्हिडिओ मी फॅमिली ग्रुपवर टाकला होता. तिथूनच सगळं सुरू झालं.

माझा मामेभाऊ बारवी धरणाच्या बाजूला गावात राहतो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पाच किलोमीटर पळतो. दिवाळीत त्याने एअरगन घेतली होती. व्हिडिओ बघून पाच मिनिटांत त्याचा फोन. "दादा, आपला कुत्रा जातिवंत शिकारी आहे. एक पीस नाही फाडला त्याने पक्ष्याचा. रविवारी ये घेऊन. मळ्यात होल्यांचे थवे उतरतात. मी मारतो, पेढा आणतो."

आणि मी म्हणालो, "बघू." माझं हे "बघू" साधं नव्हतं, त्यात अर्धा होकार होता. आपल्या कुत्र्याला कुणी जातिवंत म्हटलं की छाती किती फुगते, हे कुत्रा पाळणाऱ्यांनाच कळेल.

आता आधी पेढ्याने जे केलं ते काय होतं, ते बघू. मला वाटलं होतं की त्याने शिकार केली. प्रत्यक्षात त्याने अर्धीच शिकार केली होती, आणि ही अर्धी शिकार माणसाने मुद्दाम घडवलेली आहे.

लांडगा शिकार करतो तेव्हा तो एका साखळीतून जातो. आधी लक्ष जातं, मग नजर रोखणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, पकड, जीव घेणारा चावा, मग फाडणं आणि खाणं. रेमंड कॉपिंजर नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या जाती या साखळीच्या आधारे समजावून सांगितल्या आहेत. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून प्रत्येक जातीत साखळीच्या काही कड्या जाड केल्या आणि काही पुसट केल्या. मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कॉलीमध्ये नजर आणि दबकणं जाड, पकड पुसट. आपल्याकडच्या मुधोळ किंवा कारवानी कुत्र्यात पाठलाग जाड. तो नजरेने ससा हेरतो आणि वाऱ्यासारखा सुटतो, पण ससा तुमच्या हातात आणून देणं हे काही त्याचं खातं नाही. आणि रिट्रीव्हरमध्ये साखळी "पकड" या कडीवर थांबते. पुढचा जीव घेणारा चावा येतच नाही, किंवा फार कमी येतो. त्याऐवजी येतो परतीचा प्रवास, मालकाकडे.

आमच्या भाषेत सांगायचं तर फेच मारला आणि रिस्पॉन्स आला. डेटा करप्ट न होता. सॉरी, राहवलं नाही.

या न चावता धरण्याला शिकारी मंडळी "मऊ तोंड" म्हणतात. लॅब्रडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथले कोळी थंडगार पाण्यात सुटलेले मासे आणि जाळ्याचे दोर आणायला हे कुत्रे वापरायचे. तिथून ते इंग्लंडला गेले, तिथल्या उमरावांनी ते पक्ष्यांच्या शिकारीसाठी जोपासले आणि १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने लॅब्रडॉर ही जात म्हणून मान्य केली. गोल्डन रिट्रीव्हरची गोष्ट स्कॉटलंडची. लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे पिवळसर रंगाचा रिट्रीव्हर "नूस" आणि पाण्यात काम करणारी स्पॅनिएल "बेल" यांची पिल्लं १८६८ मध्ये झाली, तिथून ती ओळ सुरू झाली. तो काळ बंदुका सुधारण्याचा होता. पक्षी लांबवर पडायचे, गवतात, झुडपात, तळ्यात. मारणारा एका ठिकाणी, पडलेला पक्षी दुसऱ्याच ठिकाणी. मधलं अंतर पार करायला नाक हवं होतं, आणि ते नाक भरवशाचं हवं होतं. आणलेला पक्षी चिवडा करून आणला तर काय उपयोग?

एक गंमत जाता जाता. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं की चारातल्या साधारण एका लॅब्रडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गायब असतो, आणि त्यामुळे त्यांना पोट भरल्याचं नीट कळत नाही. म्हणजे बिस्किटासाठी ते काहीही शिकतील. पेढ्याची चाचणी केलेली नाही. गरजही वाटत नाही.

हेच नाक आणि "सापडलं की माणसाला सांगायचं" हीच सवय दुसरीकडे काय करते ते मुंबईने बघितलंय. १९९३ च्या स्फोटांनंतर शहरातली स्फोटकं हुंगून काढणारा मुंबई पोलिसांचा झंजीर लॅब्रडॉरच होता. २००० साली तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला. होला असो की आरडीएक्स, कुत्र्याच्या दृष्टीने खेळ एकच, शोधायचं आणि शाबासकी घ्यायची. काय शोधायचं, ते आपण ठरवतो.

आता होल्यांची शिकार. ही खरी कुठे होते? अमेरिकेत. तिथे मोर्निंग डव्ह नावाचा होला आहे, आपल्या होल्यांचा भाऊबंद. सरकारने ठरवलेला हंगाम असतो, लायसन्स असतं, बऱ्याच राज्यांत एका माणसाला दिवसाला पंधराची मर्यादा असते. एवढं करून दरवर्षी एक कोटीच्या आसपास पक्षी मारले जातात. हंगाम बहुतेक ठिकाणी १ सप्टेंबरला उघडतो. ही तारीख वाचून मी दचकलो, कारण मार्था नावाची जगातली शेवटची पॅसेंजर पिजन, म्हणजे कधीकाळी आकाश झाकून टाकणाऱ्या अब्जावधी कबुतरांतली शेवटची, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली ती १ सप्टेंबर १९१४ ला. निव्वळ योगायोग आहे, पण काय योगायोग आहे.

तिथल्या शिकाऱ्यांच्या गप्पा वाचताना मला पेढ्याच्या तोंडातल्या पिसांचा उलगडा झाला. होल्याची पिसं फार सैल बसलेली असतात. संकटात सापडला की तो ती चक्क सोडून देतो, म्हणजे पकडणाऱ्याच्या हातात शेपटी आणि पक्षी पसार. पालीसारखंच. त्यामुळे होले आणणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात पिसांचा गोळा होतो, घशात चिकटतो, श्वास घ्यायला त्रास होतो. नवा कुत्रा तर या पिसांना वैतागून पक्षी उचलायलाच नकार देतो. त्यात सप्टेंबरचं ऊन. दाट केसांचा कुत्रा शेतात धावून धावून तापतो आणि उष्माघाताने मरूही शकतो. म्हणून तिथले जाणते लोक कुत्र्याला सावलीत बसवतात, दर काही फेऱ्यांनी तोंड धुतात, पाणी पाजतात. आणि आमचे बंधुराज मला बदलापूरच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बोलावत होते. आमच्या गावाचं नाव उन्हाळ्यात तापमानाच्या बातमीत हमखास असतं, हे तुम्हाला माहीत आहेच.

पण त्या वाचनात माझ्या डोक्यात खरी अडकली ती दुसरी गोष्ट. अमेरिकेत नियम आहे की पाडलेला पक्षी शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केलाच पाहिजे. असाच पडू द्यायचा नाही. कारण छऱ्याने सगळेच पक्षी जागीच मरत नाहीत. काही पंख मोडून पडतात, सरपटत झुडपात शिरतात आणि तिथे तास-दोन तास, कधी दिवसभर जिवंत असतात. रिट्रीव्हर हा त्या नियमाचा पाय आहे. शिकारीतला कुत्रा रुबाबासाठी नसतो, तो अर्धवट राहिलेलं काम संपवण्यासाठी असतो.

हे मी डोंबिवलीच्या आसपास उभ्याने वाचत होतो आणि मला करवंदीची जाळी आठवली.

मी बारा वर्षांचा असेन. उन्हाळ्याची सुट्टी, मामाचं गाव. गलोल आम्ही स्वतः बनवायचो, पेरूच्या फांदीची बेचकी आणि सायकलच्या ट्यूबचं रबर. जांभळावर बसलेल्या होल्याला मी खडा मारला आणि आयुष्यात पहिल्यांदा नेम लागला. पक्षी करवंदीच्या जाळीत पडला. मामेभाऊ तेव्हा सहा वर्षांचा, तो आनंदाने नाचत होता. आम्ही अर्धा तास शोधला. हात ओरबाडले, सापडला नाही. पण आवाज येत होता. जाळीच्या आत कुठेतरी पंख आपटल्याचा, थांबून थांबून. मग मामीने जेवायला हाक मारली आणि आम्ही गेलो. जेवून परत आलो तेव्हा आवाज नव्हता.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सोळा वर्षं झाली.

मी त्याला फोन केला आणि हे आठवतंय का विचारलं. त्याला आठवत होतं, पण त्याच्या आठवणीत आम्ही तो पक्षी शोधून काढला होता आणि भाजून खाल्ला होता. मी म्हटलं, नाही रे, सापडलाच नव्हता. तर तो म्हणतो, "मग बघ ना दादा. त्या दिवशी कुत्रा असता तर सापडला असता." त्याचं म्हणणं अगदी चूक नव्हतं, म्हणूनच मला उत्तर सुचेना.

म्हणून मी कायदा वाचायला घेतला. भावनेत तो मला हरवत होता, म्हटलं निदान कागदावर तरी बघू.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या आधी आपल्याकडे मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य प्राणी आणि वन्य पक्ष्यांचा कायदा होता, त्यात परवाना, हंगाम वगैरे प्रकार होते. १९७२ च्या मूळ कायद्यातही छोट्या शिकारीचा परवाना मिळायची सोय होती, आणि होले त्या छोट्या शिकारीच्या चौथ्या अनुसूचीत होते. म्हणजे मामा जे सांगतो, "आमच्या वेळी चालायचं," ते काही अंशी खरं आहे. पण १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. पहिल्या चारही अनुसूचींमधल्या प्राण्यांच्या शिकारीवर सरसकट बंदी आली. नंतर २०२२ ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिने सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि होले आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यात आमच्यासारख्यांना गंडवणारी जागा म्हणजे "शिकार" या शब्दाची व्याख्या. कलम २, उपकलम १६. आपल्याला वाटतं मारलं तर शिकार. कायदा म्हणतो मारणं, विष देणं, आणि त्याचा प्रत्येक प्रयत्नसुद्धा. पकडणं, फासे लावणं, जाळं लावणं, आमिष दाखवणं, हाकारा करणं, कुत्र्यांकरवी पाठलाग करणं, सगळं शिकारच. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं किंवा घरट्याला त्रास देणं हेही त्यातच. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा, आणि बंदूक घरी ठेवून नुसता कुत्रा सोडला तरी गुन्हा. ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअरगनला लायसन्स लागत नाही, हे खरं. पण ते बंदूक बाळगण्यापुरतं. ती होल्यावर रोखली की विषय वेगळ्या कायद्यात गेला. आणि कलम ३९ नुसार गुन्ह्यात वापरलेलं हत्यार, वाहन, साधन सरकारजमा. बाईक गेली, गन गेली. पेढा "साधन" या शब्दात बसतो का, यावर मी पाऊण तास विचार केला. उत्तर शोधायची वेळ येऊ नये एवढंच वाटलं.

त्याच कलमात असंही आहे की असा पक्षी, जिवंत किंवा मेलेला, तुमच्याकडे आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकाऱ्याला कळवायचं. म्हणजे त्या सकाळी मी १९२६ ला फोन केला ते बरंच झालं. कायदा माहीत होता म्हणून नाही, घाबरलो होतो म्हणून केला होता.

मामेभावाकडे एक हुकमी पत्ता होता. "सलीम अलींनी पण लहानपणी एअरगनने पक्षी मारलाच होता ना?" खरं आहे. खेतवाडीत वाढलेल्या त्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्याखाली पिवळा डाग दिसला, ती कोणती म्हणून विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि मिलर्ड साहेबांनी त्याला पक्ष्यांच्या जगात ओढलं. मी म्हटलं, तू पण पाडलेला पक्षी घेऊन सोसायटीत जाणार आहेस का? तर म्हणे, जाळीवर भाजणार आहे.

होल्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण "थवे उतरतात" म्हणजे भरपूर आहेत, दोन-चार मेले तर काय, असं वाटतं. मलाही वाटायचं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सगळ्यात जास्त दिसतो तो ठिपकेवाला होला, मानेवर काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची शाल असलेला. कोरड्या मोकळ्या जागी छोटा तपकिरी होला, आणि मानेवर काळी रेघ असलेला कंठवाला होला. काही ठिकाणी याच पक्ष्यांना कवडे म्हणतात. पावसाळ्यात कोंडेश्वरच्या बाजूच्या गर्द झाडीत गेलात आणि नशीब असेल तर हिरव्या पंखांचा पाचू होलाही दिसेल. पारवा वेगळा, तो तुमच्या एसीवर बसून घाण करणारा. आणि याच कुळातली हरोळी, म्हणजे हरियाल, हा तर आपला राज्यपक्षी. वड-पिंपळाची फळं पिकली की येतो. जुन्या काळी शिकाऱ्यांचा आवडता होता, आज तो मंत्रालयाच्या माहितीपुस्तिकेत असतो.

होल्याचं घरटं म्हणजे इंजिनिअरिंगचा अपमान आहे. पंधरा-वीस काड्या आडव्या टाकल्या, झालं. खालून अंडी दिसतात. अंडी दोन. नर-मादी पाळीपाळीने बसतात, साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. आणि मग ते पिल्लांना दूध पाजतात. हो, दूध. गळ्यातल्या अन्नाच्या पिशवीच्या अस्तरातून एक घट्ट, पनीरसारखा पदार्थ तयार होतो, तो दोघंही पिल्लांना भरवतात. पहिले काही दिवस पिल्लं फक्त त्याच्यावर जगतात, दुसरं काही पचत नाही. सस्तन प्राण्यांत दूध देणारे बाप शोधून सापडायचे नाहीत, होल्यात बाप देतो.

आता जोडा. होले वर्षात जवळजवळ केव्हाही घरटी करतात, ठरलेला एक मोसम नाही. म्हणजे मळ्यात दाणे टिपायला उतरलेल्या त्या थव्यातला कोणता पक्षी घरी पिल्लं ठेवून आलाय, हे एअरगनच्या माशीतून दिसत नाही. अमेरिकेत हंगाम आहे, मर्यादा आहे, मोजणी आहे. त्यांची पद्धत बरोबर की चूक हा त्यांचा वाद. आपल्या मळ्यात यातलं काहीच नाही, फक्त एक कंटाळलेला मुलगा आणि पंचवीस रुपयांचे छरे आहेत.

शनिवारी रात्री मी त्याला फोन केला. पिल्लांच्या दुधाबद्दल बोललो नाही. तो विषय काढला असता तर तो हसला असता. मी फक्त विचारलं, भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीचा फॉर्म असतो ना? त्यात काय लिहायचं असतं? तो गप्प. मग म्हणाला, "एवढ्याशा पक्ष्यासाठी कोण केस करतं?" मी म्हटलं, कदाचित कुणी करणार नाही. पण तू रील टाकल्याशिवाय राहणार आहेस का?

यावर त्याने फोन ठेवला. आईला सांगितलं, दादा शहरातला झालाय.

तरी रविवारी मी गेलो, पेढ्याला घेऊन. सोबत एक डमी. ही गोष्ट कुत्रावाल्यांसाठी सांगतो, बाकीच्यांनी चहा घ्या.

रिट्रीव्हरला आणण्याचं काम द्यायचं तर पक्षी लागत नाही. ब्रिटनमध्ये नुसत्या डमीवर स्पर्धा होतात, एकही पक्षी न मारता. डमी बाजारात मिळते, पण आपण उल्हासनगरच्या शेजारी राहतो आणि तिथे जीन्स शिवणारी अर्धी वस्ती आहे. जुन्या जीन्सची एक बाही, म्हणजे पायाचा गुडघ्याखालचा भाग, आत कापडाच्या चिंध्या ठासून दोन्ही तोंडं शिवायची. एक दोरी. झाली डमी. फार कडक नको, नाहीतर कुत्रा चावून धरायला शिकतो.

सुरुवात घरातल्या पॅसेजमध्ये. दोन्ही बाजूंना भिंत, त्यामुळे आणून देण्याशिवाय त्याला जायला जागा नाही. फेकली, आणली, हातात घेतली, बिस्किट. तो घेऊन पळाला तर मागे धावायचं नाही. तुम्ही धावलात की तो पकडापकडीचा खेळ होतो आणि त्यात तुम्ही हरता. उलट दिशेने चालू लागा, तो येतो. ओढून घ्यायचं नाही. "सोड" म्हणायचं आणि बदल्यात काहीतरी द्यायचं. हा "सोड" एवढा पक्का करा की उद्या त्याच्या तोंडात पक्षी, मोजा किंवा शेजाऱ्याची कोंबडी असली तरी चालेल. मग "थांब". डमी डोळ्यांसमोर पडली तरी सांगितल्याशिवाय उठायचं नाही. हे सगळ्यात अवघड. पेढ्याला दोन महिने लागले आणि अजूनही त्याचे पुढचे पाय थरथरतात. चार-पाच फेका, बस. त्याला अजून हवं असतानाच थांबायचं. आणि हे सगळं सकाळी सातच्या आत. रस्त्यावर हाताचा तळवा पाच सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचा पायही नाही. पाण्यात टाकायचा मोह होतो, लॅब्रडॉर तो. वालधुनीजवळ तर नेऊच नका, ते पाणी आपण सगळ्यांनी मिळून काय करून ठेवलंय ते अंबरनाथकरांना सांगायला नको.

आणि तुमच्या कुत्र्याने आमच्यासारखा पक्षी आणलाच तर आरडाओरडा नको, ओढाओढी नको. सोडवा, भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ फडक्यावर ठेवा, अंधार आणि शांतता द्या. चोचीत पाणी, दूध, भात काही कोंबू नका. वरून जखम दिसली नाही तरी डॉक्टरांना दाखवा, कारण कुत्र्याच्या लाळेतले जंतू पिसांखालच्या टाचणीएवढ्या भोकातूनही पक्ष्याला मारतात. व्हिडिओ नंतर काढा. हे मी मलाच सांगतोय.

तर रविवार. मामेभाऊ आधी अंगणातून हललाच नाही. मोबाईलमध्ये डोकं. मामी म्हणाली, कालपासून असाच आहे. एअरगन कपाटावर होती, मला दिसेल अशी. मी मळ्याच्या बांधावर जाऊन एकटाच डमी फेकत बसलो. होले खरंच उतरत होते, वीस-पंचवीस असतील. पेढा बसला होता, त्यांच्याकडे बघत, पाय थरथरत. मी "थांब" म्हटलं होतं. तो थांबला. मला वाटतं माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही रिलीजला मी एवढा श्वास रोखून बसलो नसेन.

अर्ध्या तासाने मागून आवाज आला, "हात असा नाही दादा. तो उजवीकडे बघतोय, तू डावीकडे दाखवतोयस." येऊन उभा राहिला. डमी हातातून घेतली आणि अशी लांब फेकली की थेट करवंदीत. तीच जाळी की दुसरी, मला नीट सांगता येणार नाही. सोळा वर्षांत तिथलं सगळंच बदललंय.

पेढा आत शिरला. आम्ही दोघं काठावर उभे. आतून काट्यांत घुसल्याचा आवाज, फुरफुरणं, मग शांतता. मामेभाऊ म्हणाला, "तेव्हा खरंच सापडला नव्हता?"

"नाही."

तो काही बोलला नाही. एअरगन त्याने अजून विकलेली नाही, ती कपाटावरच आहे, आणि भरतीची ग्राउंड पुढच्या महिन्यात आहे. पेढा पाच मिनिटांनी बाहेर आला. तोंडात डमी नव्हती. कुणाची तरी जुनी, एका पायाची, निळ्या पट्ट्याची चप्पल होती. समोर येऊन बसला आणि शेपटी हलवत वाट बघू लागला.